कासरा सैल सोडा, आबा

दूधसोसायटीची फटफटी टाकळवाडीत आली ती टेम्पोतून, दोरांनी चहूबाजूंनी जखडलेली. खाली उतरवली आणि सगळ्यांचा विरसच झाला. लोकांच्या डोळ्यांपुढं फौजदाराची ती भली दांडगी धडधडी होती, आणि ही बघावी तर कमरेएवढी!

"एवढीशीच?" पुंजाराम म्हणाला.

"ठेवा गोठ्यात, कडबा खाऊन वाढंल," मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळं गाव खदखदून हसलं.

नेवाशाचा मिस्त्री रंगनाथ गाडीबरोबर आला होता. तो मात्र टाकीवरून असा हात फिरवत होता, जणू स्वतःच्या घरची लेक दाखवायला आणलीये. "हसू नका राव. नवशिक्याला यापरीस चांगली गाडी न्हाई. बुटकी हाय, बसल्या जागी दोन्ही पाय भुईला टेकत्यात. इंजिन बारीक, अंगावर येत न्हाई. हँडल बघा कसं अंगाकडं वळलंय! वाकायचं न्हाई, काय न्हाई. ताठ बसायचं, अगदी बैलगाडीवर बसल्यागत."

बैलगाडीवर बसल्यागत! या एका शब्दानं पुढं सगळा घोटाळा केला. पण ते तेव्हा कुणाला ठाऊक?

गाडी शिकायची होती मुक्ताच्या वडलांनी, आबांनी. रंभाजी त्यांचं नाव. पंधरा वर्षं सोसायटीचं दूध तेच बैलगाडीनं नेवाशाला नेत होते. नऊ मैल वाट. सकाळी आठला निघालेली गाडी पोचायची साडेअकराला, आणि उन्हाळ्यात तोवर निम्मं दूध नासायचं. म्हणून तर चेअरमन आप्पासाहेबांनी ही जुनी फटफटी आणवली.

मुक्ताचं सगळं भवितव्य त्याच फटफटीवर बसलेलं होतं. वाडीतली शाळा सातवीपर्यंत. मुक्ता सातवीत पहिली आली होती (मुलांसकट पहिली, हे ती प्रत्येकाला आवर्जून सांगायची). आठवीचा वर्ग नेवाशाला, अकराच्या ठोक्याला भरणारा. संध्याकाळी परतायला एस.टी. होती, अडत होतं ते सकाळचं. फाट्यावरची एस.टी. यायचीच मुळी साडेअकराला. पण आबांनी शब्द दिला होता, "दोन बाजूंना दोन कॅन, मदी तू. दुधाबरुबर तूबी वेळेत."

सोमवारी शाळा उघडणार होती. गाडी आली बुधवारी.

रंगनाथनं तासभर शिकवलं आणि तो निघून गेला. गुरुवारी आबा माळावर एकटे बसले, किक मारली, गाडी सुरू झाली. वा! थोडी चालली. मग समोर कडब्याची गंजी आली. आबा ओरडले, "हो! हो! हो रं!" आणि गाडी थांबायच्या ऐवजी जी उसळली, ती थेट गंजीत घुसली. आबांना बाहेर काढलं तेव्हा मिशांना कडबा लटकत होता.

शुक्रवारी उकिरडा. त्याचं वर्णन नकोच.

शनिवारी आप्पासाहेब स्वतः बघायला आले. आबा त्यांच्या अंगावरच निघाले. आप्पासाहेब बाभळीआड झाले म्हणून वाचले. धोतर झटकत म्हणाले, "रंभाजी, तुमच्या शब्दाला मान हाय. पर सोमवारी जमलं न्हाई, तर पुंजारामाच्या जावयाला बोलवावं लागंल. त्याला येती गाडी."

त्या दिवशी आबा जेवले नाहीत. ओसरीच्या खांबाला टेकून बसले. मुक्ताच्या आईनं, भीमाबाईनं, दोनदा ताट पुढं सारलं, दोनदा मागं घेतलं. आबांची थोरली बहीण आक्काबाई शेजारीच राहायची. ती येऊन बसली आणि तिनं सुरू केलं.

"बरंच झालं म्हन. न्हाती-धुती पोर रोज नेवाशाला? मानसं काय म्हनतील? रंभा, पोरीचा कासरा लई सैल सोडू नगंस."

"आत्या, मी काय बैल हाय का?" मुक्ता आतून तडकली.

"बघ! बघ कशी बोलती! ह्याच्यासाठीच म्हनती, वढून धर."

आबा नुसते आपल्या दोन्ही तळव्यांकडं बघत राहिले. पंधरा वर्षं कासरा धरून धरून बोटांच्या पेरांना घट्टे पडले होते. मुक्ताही त्या हातांकडं बघत होती. आत्याचं "वढून धर" कानात घुमत होतं. कासरा ओढून धरला की बैल...

ती ताडकन उठली. "आबा! गाडी थांबवताना तुमी काय करता?"

"काय करतो म्हंजी? थांबवतो."

"तसं न्हाई. हातानं करून दाखवा."

आबांनी खांबाकडं तोंड करून बसल्या बसल्या दोन्ही मुठी छातीकडं ओढल्या. "हो!" आणि त्यांच्या उजव्या मनगटानं मागं पीळ खाल्ला.

"घावलं!" मुक्तानं अशी उडी मारली की आत्याचा पानाचा डबा उलटला. "आबा, तुमी कासरा वढता! पर या गाडीची उजवी मूठ अंगाकडं पिळली की ती पळती. तुमी थांब म्हनता, अन् हात म्हनतो पळ!"

आबांनी मूठ पुन्हा एकदा पिळून बघितली. मग पुटपुटले, "आयला. म्हंजी ती माझंच ऐकत हुती?"

"शब्दाला शब्द!"

"उलट्या चालीची हाय की गं!"

"व्हय. वढलं की उधळती. सैल सोडलं की थांबती."

भीमाबाईनं ताट पुन्हा पुढं सारलं. "अशी एक घरातबी हाय," ती मुक्ताकडं न बघताच म्हणाली. आबांना हसू फुटलं आणि त्यांनी भाकरी मोडली. आत्या सुपाऱ्या वेचत राहिली.

कळलं म्हणून लगेच जमतंय थोडंच! डोक्याला कळलं होतं. हातांना कोण सांगणार? रविवारी पहाटे मुक्ता स्वतःच मागं बसली. आबा नको म्हणत होते, पण ऐकतंय कोण! तिनं दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर ठेवले. खांदे दगडासारखे ताठरले होते. माळावरचं प्रत्येक झुडूप आलं की ती कानाशी म्हणायची, "कासरा सैल सोडा, आबा. मूठ सैल. आता पायानं ब्रेक दाबा." पहिल्यांदा दोघं घाणेरीच्या जाळीत गेली. दुसऱ्यांदा जाळीच्या अलीकडं थांबली. दहाव्या खेपेला तिच्या हातांखालचे खांदे आपोआप खाली आले, आणि ती काही बोलायच्या आत गाडी हळूच उभी राहिली. आबांचे दोन्ही पाय भुईला टेकले. खरंच बुटकी होती बिचारी, म्हणून!

सोमवारी नऊला दुधाचे कॅन बांधले. गाडीचा हॉर्न मुकाच होता, म्हणून आबांनी हौश्या बैलाच्या गळ्यातली घुंगुरमाळ सोडून हँडलला गुंडाळली. निघणार, इतक्यात आत्या आली. तिनं फडक्यात बांधलेली भाकरी मुक्ताच्या दप्तरात कोंबली.

"घट धर गं त्याला," एवढंच म्हणाली.

सात मैल झकास गेले. वारा मुक्ताच्या वेण्यांशी खेळत होता, घुंगरं वाजत होती, तिला मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं. आणि एका वळणावर रस्ताभर मेंढरं! शंभर असतील. मधोमध एक म्हातारी मेंढपाळीण पाठमोरी चाललेली.

आबा ओरडले, "हो! हो रं!"

"सैल" हा शब्द मुक्ताच्या ओठांवर आला, पण तिनं तो गिळला. तिनं खांद्यांवरचे आपले हातच तेवढे हलके केले.

आबांची उजवी मूठ उघडली. बोटं पाकळ्यांसारखी सुटी झाली. पाय दाबला गेला. गाडी मेंढरांच्या मागं दोन हातांवर उभी राहिली, आणि एका कोकरानं पुढच्या चाकाचा वास घेतला.

म्हातारीनं वळून बघितलं. "लई गुनाची दिसती गाडी."

"माझ्या लेकीनं वळन लावलंय तिला," आबा म्हणाले.

आधी दूध डेअरीत उतरलं. नासलं नव्हतं, तिथल्या बाबूनं दोनदा वास घेऊन बघितला. मग शाळेच्या फाटकाशी आबा थांबले. आत घंटा व्हायची होती. निळ्या परकरातल्या पोरी रांगेत उभ्या होत्या. मुक्ता उतरली, आणि पहिल्यांदाच तिला जरासं भ्यायला झालं.

"आबा, मी जाऊ?"

आबांनी तिच्याकडं बघितलं. हात हँडलवर नुसता टेकलेला, मूठ उघडी.

"जा की. मी कुठं वढून धरलंय?"

ती पळाली. वर्गात जागा मिळाली खिडकीशी. बाई हजेरी घेत होत्या, आणि बाहेर गाडी अजून एका जागी फटफटतच होती. "मुक्ताबाई रंभाजी," बाईंनी पुकारलं.

"हजर!" इतक्या मोठ्यानं की सगळा वर्ग वळला.

मग कुठं बाहेर घुंगरं वाजली आणि गाडी हलली. हळूहळू, अगदी हौश्याच्या चालीनं.