धुपाटण्यातला फुजी

या, असे जवळ सरकून बसा. आमच्या सेतोच्या देवळातली गोष्ट सांगतो. ऐकून जीव हलका होईल, हा माझा शब्द.

सेतो हे जपानातलं कुंभारांचं गाव. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी सगळा धातू तोफांनी गिळला, तेव्हा सरकारने मातीची नाणी करायचं मनात घेतलं आणि नमुने भाजायचं काम आमच्या गिहेईदादांकडेही आलं. लालसर, नखाएवढी नाणी, वर फुजी डोंगर. ती बाजारात यायच्या आतच लढाई संपली, अन् सगळ्यांचा चुरा करा असा हुकूम सुटला. भट्टीतून निघाल्या निघाल्या दादांनी एक बायकोच्या तळहातावर ठेवलं होतं, तेवढं राहिलं.

पुढे दादा गेले. त्यांच्यामागे तोमेवहिनी, त्यांची बायको, ते नाणं जिवापाड जपायच्या. नागोयाचा एक नाणीवेडा विकत मागायला आला, तर म्हणाल्या, "नवरा विकतात का रे कुठे?" घरी ठेवायचा धीर होईना, म्हणून ते बटव्यातच असायचं, देवळात वाहायच्या सुट्ट्या पैशांत.

आमच्याकडे प्रवचन गाऊन करतात. बुवांचा सूर टिपेला गेला की अख्खं देऊळ "नामु आमिदा" असा बुद्धाचा धावा करत गहिवरतं आणि बुवांपुढे नाणी उधळतं. एका वसंतात बुवा गाता गाता मायलेकरांच्या भेटीच्या प्रसंगापाशी आले, अन् वहिनींनी डोळे मिटून सगळा बटवा रिता केला.

सूर थांबला तशा किंचाळल्या, "अगंबाई, माझे हे गेले!"

"ते केव्हाच गेले की, वहिनी," चटईवाला कामेकिची म्हणाला.

"मेल्या, त्यांच्या हातचं नाणं! मातीचं ते, फुटलं असेल रे!"

कोणी पाय हलवेना. बुवा स्वतः रांगत चटया चाचपू लागले. पितळ सापडलं, ॲल्युमिनियम सापडलं. मातीची कपचीसुद्धा नाही.

तेवढ्यात कामेकिचीला बुवांपुढच्या धुपाटण्याच्या राखेत खळगा दिसला. आमच्यात उदबत्ती उभी खोचत नाहीत, राखेत आडवी निजवतात. तिच्या कुशीत फुजी निवांत पहुडलेला, अगदी अखंड! बुवांनी चिमट्याने उचलून फुंकर मारली.

"जरा थांबा, पोळेल."

"पोळू दे." वहिनींनी तळहात पुढे केला. "अस्संच गरम दिलं होतं यांनी," म्हणाल्या, आणि रडता रडता खुदकन हसल्या.

"दादांची खोड काही जात नाही," कामेकिची म्हणाला, "संधी मिळाली की शिरले भट्टीत!"

देऊळ हसण्याने दणाणलं. बुवांनी पुन्हा सूर लावला, पुन्हा नाणी उडाली. वहिनींची मूठ तेवढी घट्ट मिटलेली होती.

तुम्ही कुठेही हात जोडाल ना, तेव्हा आमच्या गिहेईदादांची एकदा आठवण काढा.