बटाटे उकडायच्या आत

दुष्काळाच्या त्या सालात आमच्या गावातल्या विहिरी आटल्या आणि सहकारी संस्था उगवल्या. दूध संस्था होती, तिला दूध नव्हतं. मच्छीमार संस्था होती, तिच्या तलावात पोरं विटीदांडू खेळत. कोंबडीपालन संस्थेत मात्र खरोखरीच्या कोंबड्या होत्या, म्हणून बाकीच्या संस्था तिला जरा हलक्यातली समजत.

या संस्थेचे चेअरमन पंचाक्षरी आप्पा. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, बाजारपेठेत किराण्याचं दुकान. जन्मात अंड्याला हात लावलेला नाही. गावातल्या दोन्ही पार्ट्यांना चेअरमन आपलाच हवा होता, पण माल खाणार नाही असा एकच माणूस दोघांना सापडला. आप्पांनी पद घेतलं, तोंड मात्र विटाळू दिलं नाही. अंड्याला ते बटाटा म्हणत.

"कडूबाई, आज बटाटे कसे काय?"

"लई बारीक हायेत आप्पा. कोंबडीला पाणीच न्हाई तर बटाटा कुठून मोठा व्हायचा?"

हळूहळू सगळी संस्थाच बटाटे म्हणू लागली. वार्षिक सभेत बटाट्याचं कवच पातळ का येतं यावर दुपारभर चर्चा झाली. पाहुणे म्हणून आलेले शेतकी खात्याचे साहेब ती गंभीरपणे ऐकत होते. त्यांनी शेवटी खत बदलून बघायला सांगितलं.

कडूबाई संस्थेच्या शेडवर कामाला होती. गावात ख्रिस्ती घरं दोन-चार, त्यातलं एक तिचं. नवरा वारलेला, एकुलती एक लेक केसर. केसर मिशनच्या शाळेत लिहायला शिकली होती आणि त्या लिहिण्याचा घरात वर्षातून एकदाच उपयोग व्हायचा. इस्टरच्या आदल्या संध्याकाळी मायलेकी अंडी उकडायच्या. केसर मेणबत्तीच्या टोकानं एकेका अंड्यावर एकेकाचं नाव लिहायची आणि अंडं पळसाच्या फुलांच्या गार पाण्यात सोडायची. मेणावर रंग चढत नसे. केशरी अंड्यावर नाव तेवढं पांढरं उरायचं. सकाळी उपासना झाली की ज्याचं अंडं त्याच्या हातात. कडूबाईला अक्षर ओळखता येत नव्हतं. आपल्या अंड्यावर आपलंच नाव आहे, हे ती दरसाल पाळकसाहेबांकडून तपासून घ्यायची. ते 'कडूबाई' असं मोठ्यानं वाचायचे आणि मग तिच्या लेखी सण लागायचा.

केसरचं लग्न शहादेवशी झालं. जोडीला कोयता मिळाला आणि दोघं टोळीबरोबर ऊसतोडीला जाऊ लागली. गेल्या दोन इस्टरला कारखान्याचा पट्टाच पडला नव्हता, म्हणजे गाळप संपलं नव्हतं. कडूबाईनं दोन्ही वर्षं अंडी रंगवली नाहीत. उकडून नुसती मिठाबरोबर वाटली.

यंदाची गोष्ट वेगळी होती. घरच्या गावरान कोंबडीचं अंडं मातकट, त्यावर पळस चढला तरी गढूळ दिसायचा. संस्थेची अंडी पांढरीशुभ्र. शिवारात दुसरं काही हिरवं नसताना फाल्गुनात पळस मात्र नेहमीपेक्षा जास्तच फुलला होता. कडूबाईनं टोपलंभर फुलं वाळवून ठेवली. ह्या साली रंग कसा चढतो ते केसरनं बघावं, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

सहकार परिषदेसाठी आप्पा नेमके त्याच कारखान्यावर निघाले होते.

"आप्पा, माज्या केसरला गाठा. म्हणावं, आईनं अंडी ठेवलीत. उकडायच्या आत ये. तुज्याबिगर ह्या साली चूल पेटायची न्हाई."

"सांगतो की," आप्पा म्हणाले.

आणि त्यांनी सांगितलं. परिषद सोडून तिच्या पाचटाच्या कोपीवर गेले, निरोप शब्दन् शब्द दिला. एक शब्द तेवढा त्यांच्या सवयीचा होता. "आईनं बटाटे ठेवलेत. उकडायच्या आत ये. तुज्याबिगर ह्या साली चूल पेटायची न्हाई."

पुण्य केल्यासारखा चेहरा करून आप्पा एस.टी.नं परत आले. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी कारखान्याकडून बीडला निघालेला ट्रक आमच्या फाट्यावर थांबला. कडूबाई शेड सोडून तिथपर्यंत पळत गेली. पाठोपाठ आप्पाही गेले, आपल्या कामगिरीचं फळ बघायला. ड्रायव्हर सटवानं दार उघडून एक पोतं खाली घेतलं.

"केसर कुठंय रे?"

"न्हाई आली. माज्याशेजारी एकच जागा होती मावशे, मागं साखर ठासून भरलेली. मुकादमानं तिला चार दिस सोडलंबी होतं. पण ती म्हणली, आईची ज्वारी सरली, बटाट्यावर दिवस काढायलीय, अन् चूलबी पेटंना. माज्यापरीस हे पोतंच जाऊ दे. लई रडत होती."

कडूबाईनं पोत्याचं तोंड सोडलं. आत बटाटे होते. खरे.

ती आप्पांकडे वळली. "तुमी तिला काय सांगितलंत?"

आप्पांनी उपरणं डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर घेतलं. "तू म्हणलीस तेच."

"तिला काय ठावं, संस्थेत काय बोलतेत ते?"

आप्पांनी ट्रकच्या चाकाकडे पाहिलं, मग तडक पाटोद्याची एस.टी. धरली. पोस्टात ट्रंक कॉल लावला, तो दोन तासांनी लागला. लाईनीवर इतकी खरखर होती की ओरडल्याशिवाय इलाज नव्हता. त्या दिवशी बाजार होता. आप्पांची गिऱ्हाइकं, व्याही, मठातली मंडळी, सगळी पोस्टाबाहेर उभी होती. त्यांच्यासमोर आप्पा फोनमध्ये घसा फाडून सांगत होते, "अंडी. बटाटे न्हाई, अंडी. कोंबडीची." पलीकडच्या कारकुनानं विचारलं, किती डझन पायजेत.

अखेर कारकुनाला उमगलं. "सांगतो तिला," तो म्हणाला, "पण तिची चार दिसांची पाळी मुकादमानं दुसरीला देऊन टाकली. आता पट्टा पडल्याबिगर सोडंल असं वाटत न्हाई."

कडूबाईला हे कळलं तरी शनिवारी ती शेवटच्या एस.टी.पर्यंत फाट्यावर बसून होती. गाडीतून एक बाई डोक्यावर पदर घेऊन उतरली तेव्हा ती उठून उभी राहिली. ती बाई धारूरकडची निघाली, पाणी कुठं मिळेल म्हणून विचारत होती. कडूबाईनं तिला हापसा दाखवला आणि घरी जाऊन चूल पेटवली.

रविवारी उजाडताना उपासना झाली. ख्रिस्ती घरांतल्या पोरांना आणि मागे लागलेल्या बाकीच्याही पोरांना तिनं अंडी वाटली. केशरी रंग असा चढला होता की तिन्हीसांजेचं आभाळ वाटावं. नावं नव्हतीच. पोरांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती; ज्याला जे मोठं दिसलं ते त्यानं उचललं.

ऊन वर आल्यावर आप्पा आले. अंगणातल्या लिंबाला मोहोर आला होता, त्याच्याखाली उभे राहिले. काय बोलावं ते ठरवून आले असावेत, पण तोंडातून निघालं एवढंच, "रंग झकास चढलाय."

कडूबाई घरात गेली आणि वाटीखाली झाकलेलं एक अंडं घेऊन आली.

"हे तिचं. मीच लिव्हलंय. ती लिव्हायची तवा मी दरसाली बघायची, हात कसा फिरतो ते. बगा बरं, जमलंय का?"

आप्पांनी ओंजळ पुढं केली. तिनं अंडं त्यांच्या हातावर ठेवलं. अक्षरं मोठी होती, थरथरती, पण साफ. क, स, र. क वरची मात्रा नव्हती. मेण तिथं निसटलं असेल; किंवा मात्रा देण्याची केसरची पद्धत शेवटी असेल, आणि तोवर आईची नजर हातावरून निघून लेकीच्या तोंडाकडे जात असेल. केशरी अंड्यावर पांढरंशुभ्र 'कसर' लिहिलेलं होतं.

आप्पांनी ते पुन्हा एकदा वाचलं.

"काय लिव्हलंय?" कडूबाईनं विचारलं.

"केसर."

"बराबर हाय ना?"

"बराबर हाय."

तिनं अंडं परत घेतलं, पदरानं हलकेच पुसलं आणि रांजणाच्या बुडाशी, गारव्याला ठेवलं.

"पट्टा पडूस्तोर राहील," ती म्हणाली.

चैत्राच्या उन्हाळ्यात उकडलेलं अंडं किती टिकतं, हे तिला चांगलं माहीत होतं. आप्पा मान हलवून म्हणाले, "राहील की."