मागच्या बाकावरून

बाईंनी मागच्या बाकावरची धूळ रुमालाने झटकली, बसल्या आणि हाताची घडी घातली. फळ्यापाशी त्यांचाच जुना विद्यार्थी पदव्युत्तर वर्गाला उपयोजित गणित शिकवत होता, आणि वर्ग चक्क हसत होता. रसायन आणि जैव अभियांत्रिकीची अशीच पोरं बाईंच्या तासाला सुतकी चेहऱ्याने बसायची.

पुढच्या वर्षी हा विषय दोघांपैकी एकालाच मिळणार होता. विभागप्रमुखांनी बाईंना त्याचा तास ऐकायला पाठवलं होतं, आणि बाई खोट काढायलाच आल्या होत्या. विषय त्यांनी उभा केला. काल आलेल्या पोराने तो आयता पळवावा? त्याचं कौतुक कानावर आलं की बाईंच्या पोटात दुखायचं. मग त्या आपल्या गेल्या वर्षीच्या वर्गावर घसरायच्या. "एकजात ढ! अख्ख्या वर्गाने परीक्षेत वजाच्या जागी अधिक लिहिलं. मीही सगळ्यांचे गुण कापले."

फळ्यावर एक गोल गोळी काढली होती. आत जिवंत पेशी, बाहेरून झिरपणारा ऑक्सिजन. कुठे किती पोचतो ते काढायचं. उत्तरात दोन पदं आली. त्यातलं एक केंद्रापाशी भलतंच फुगतं, म्हणून ते खोडायचं असतं. बोलण्याच्या नादात त्याने नेमकं दुसरंच खोडलं.

बाईंना ते तत्क्षणी दिसलं. मनात उकळ्या फुटल्या. रंगू दे अजून, असं म्हणत त्या मिठाची गुळणी धरून बसल्या.

"सर," एक मुलगी बसल्या जागेवरून ओरडली, "मधोमध ऑक्सिजन अनंत झाला की!"

"मधल्या पेशींची चंगळ आहे," तिच्या शेजारचा म्हणाला.

हशा पिकला. तो दोन पावलं मागे सरून फळा बघत राहिला, मग तळहातानेच पुसू लागला.

"चुकलो की रे! बरं झालं बोललात. आणि मागे माझ्या बाई बसल्यात, गेली माझी अब्रू."

सगळ्या माना वळल्या.

"बाई, तुम्हाला आधीच दिसलं असणार."

"दिसलं होतं."

"बघा! बाई कधी सांगायच्या नाहीत. आपलं आपण शोधायचं, ही त्यांची शिस्त."

तो हे अगदी मनापासून बोलला. बाईंना ते चपराकीसारखं लागलं.

बाहेर जिन्यापाशी विभागप्रमुख भेटले.

"कसा शिकवतो?"

"चुकतो," बाई म्हणाल्या. शब्द तोंडात गोड लागला. "भर फळ्यावर चुकतो."

"अरेच्चा! मग?"

"मुलं पकडतात. लगेच."

"आणि तुमच्या तासाला?"

"माझ्या तासाला तोंड उघडायची कुणाची बिशाद नाही," बाई तोऱ्यात म्हणाल्या, आणि कठड्यावरचा त्यांचा हात तिथेच थांबला.

"काय झालं?"

"गेल्या वर्षी सगळ्यांनी वजाच्या जागी अधिक लिहिलं होतं."

"हो, तो ढ वर्ग. शंभरदा सांगितलंत."

"सगळ्यांनी. एकाच ओळीत."

विभागप्रमुखांना काही उलगडलं नाही. "मग विषय त्यालाच द्यायचा का?"

बाईंनी कठड्यावरचा हात काढून घेतला.

"द्या," त्या म्हणाल्या. "पण आधी माझ्या पोरांचे गुण परत करू. ती ओळ फळ्यावर मीच लिहिली होती."