रिमोट झालेल्या फोनचा रोजा

मी एक जुना मोबाइल फोन आहे. माझ्यावरून कोणाला फोन लागत नाही आणि मला कोणाचा येतही नाही. पोटातलं सिमकार्ड काढून घेतलं त्याला चार वर्षं झाली. काच तडकली आहे, पाठ चिकटपट्टीने धरून ठेवली आहे. मग तुम्ही म्हणाल, असल्या फोनला फोन तरी कशाला म्हणायचं? मित्रांनो, तुमचं बरोबर आहे. आमच्या घरात मला कोणी फोन म्हणतच नाही. "अरे, रिमोट कुठे गेला?" अशी घरभर बोंब उठली, की समजायचं, मला शोधताहेत.

माझ्या डोक्यावर तांदळाच्या दाण्याएवढा एक काळा ठिपका आहे. तो माझा डोळा. त्यातून तुम्हाला न दिसणारा प्रकाश निघतो आणि टीव्हीला तो बरोबर कळतो. आजकालच्या महागड्या फोनांनाही हा डोळा नसतो. हो, थोडा तोरा आहे मला त्याचा, खोटं कशाला बोलू!

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. पांढरे हातमोजे आठवतात आणि एकसारखी दिसणारी माझी हजारो भावंडं आठवतात. मला ओळख मिळाली ती जकार्तात, दार्लिसमामाच्या खिशात. मामाचं कापडाचं दुकान होतं. घर सोडून तिथे जाऊन त्याला तेव्हा चौदा वर्षं झाली होती. आमच्या समुद्रकाठच्या पारियामान गावाकडचे पुरुष असेच लांब जातात, कमावतात आणि ईदला परत येतात. न आले तर त्यांची आठवण काढून बायका पदार्थ करतात आणि वर शिव्याही घालतात.

मामा भारी खोडकर. खानावळीत जेवायला बसला की मला टेबलाखाली धरायचा. समोरच्या टीव्हीवर फुटबॉल रंगात आलेला असायचा आणि हा हळूच बटण दाबून स्वयंपाकाचा कार्यक्रम लावायचा. गोल होणार तेवढ्यात पडद्यावर कोणीतरी कांदा चिरतंय! लोक टीव्हीला धपाटे मारायचे, मालक देवाची शपथ घ्यायचा आणि मामा मान खाली घालून भात खायचा. ते दिवस माझ्या ऐन उमेदीचे. मामा सगळ्यांना सांगायचा, "हा फोन नाही, हा माझा जोडीदार आहे."

पण जोडीदारही जुना होतोच. मामाने नवा फोन घेतला आणि मला कापडाच्या गठ्ठ्यात घालून धाकट्या बहिणीकडे, युस्नीकडे, गावी पाठवून दिलं. तीन दिवस मी बसच्या टपावर अंधारात होतो. मला फार वाईट वाटलं.

युस्नीची रस्त्याच्या कडेला खाण्याची टपरी आहे. घर तिथून शंभर पावलांवर, अगदी समुद्राला लागून. तिने मला मानाने वागवलं, पण मसाल्याच्या हाताने. माझ्या कानात नारळाचं दूध गेलं, पाठीवर हळदीचे डाग पडले. एक दिवस तिच्या हातून निसटून मी थेट पाट्यावर आपटलो. काच उजव्या कोपऱ्यातून उभी तडकली. तेव्हा मला सिमकार्ड काढून फडताळात टाकलं. मी म्हटलं, संपलं आपलं.

मला बाहेर काढलं ते युस्नीच्या मुलीने, रेस्तीने. तेव्हा ती चार वर्षांची होती. खाऱ्या हवेने टीव्हीचा खरा रिमोट गंजला होता आणि टीव्हीवरची बटणं तर कधीच आत गेली होती. दार्लिसमामाने लांबून, आईच्या नव्या फोनवरून तिला सांगितलं, "त्याच्या डोक्यावर डोळा आहे बघ. तो टीव्हीकडे कर आणि दाब." तिने दाबलं. टीव्ही लागला. पोरगी अशी काही नाचली, की विचारू नका! त्या दिवसापासून मी पुन्हा कामाचा झालो.

फक्त एक खोट होती. तड गेली होती त्याच्या खालीच आवाज वाढवायचं बटण दिसायचं. तिथे बोट ठेवलं की कधी आवाज वाढायचा, तर कधी चॅनलच बदलायचं. रेस्तीला हे ठाऊक होतं. ती बोट जरा डावीकडे ठेवायची. बाकी कोणाला ठाऊक नव्हतं, आणि मला तोंड असून बोलता येत नाही.

मित्रांनो, आता मी माझ्या चुकीकडे येतो.

यंदाच्या रमजानात रेस्ती आठ वर्षांची झाली होती आणि तिने पहिल्यांदाच पूर्ण महिन्याचे रोजे धरायचं ठरवलं होतं. शाळेतून प्रत्येकाला रमजानची वही मिळते. रोजचा एक चौकोन, रोजा पूर्ण झाला की त्यात खूण करायची. सगळे रोजे केलेल्या मुलांची नावं ईदच्या आदल्या संध्याकाळी मशिदीत पुकारली जातात. रेस्तीच्या वहीत सव्वीस खुणा झाल्या होत्या. त्या मोजण्यासाठी ती वही दिवसातून दहा वेळा उघडायची. तिसऱ्या दिवशी तिला ताप होता, अकराव्या दिवशी शाळेत मैत्रिणीने तिच्यासमोर आंबा खाल्ला होता, तरी तिने रोजा मोडला नव्हता.

सत्ताविसाव्या दिवशी दार्लिसमामा आला. सहा वर्षांनी! युस्नी त्याला मिठी मारून रडली आणि लगेच टपरीवर पळाली, कारण रोजा सोडायला लागणारे पदार्थ घ्यायला तिच्याकडे संध्याकाळी झुंबड उडते. मामा आणि भाची टीव्हीपुढे बसले. समोर ताटलीत खजूर आणि नारळाच्या दुधात शिजवलेली केळी झाकून ठेवली होती. कलता सूर्य टीव्हीवर येत होता, म्हणून मामाने खिडकीचा पडदा ओढून घेतला. आमच्या घरी लाटांच्या आवाजात मशिदीची अजान ऐकू येत नाही, म्हणून सगळे जवळच्या पादांग शहराच्या चॅनलवरची अजान ऐकून रोजा सोडतात.

"मामा, आवाज वाढव ना," रेस्ती म्हणाली. ती खजुरांवरून नजर हलवायला तयार नव्हती.

मामाने मला उचललं. केवढा आनंद झाला मला! तोच अंगठा, तीच पकड. त्याने बटण दाबलं आणि मी, मित्रांनो, मी तडकलेल्या काचेपायी चॅनल बदललं. जकार्ताचं लागलं. तिथेही तशीच मशीद दिसत होती, तसंच पठण चाललं होतं. कोणालाच फरक कळला नाही. मामाने पुन्हा दाबलं, तेव्हा आवाज वाढला.

आता तुम्हाला सांगतो, आमचं आणि जकार्ताचं घड्याळ एकच आहे. पण जकार्ता पूर्वेला आहे. तिथे सूर्य मावळला तरी आमच्या समुद्रावर तो आणखी पंचवीस मिनिटं रेंगाळतो. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मामालाही ठाऊक होतं. पण वीस वर्षं त्याने जकार्ताच्या अजानवर रोजा सोडला होता. अजान सुरू झाली, त्याने मनगटावर बघितलं, सहा वाजून दोन मिनिटं. त्याच्या सवयीला ते अगदी बरोबर वाटलं.

"झाली गं बाई! घे, आधी तू घे!" म्हणत त्याने स्वतःच्या हाताने खजूर तिच्या तोंडात घातला. वर ती पेलाभर पाणी प्यायली. मामाने दोन खजूर खाल्ले.

तेवढ्यात युस्नी विसरलेला डाव न्यायला आत आली आणि दारातच थबकली.

"दादा! काय केलंस हे?"

"काय केलं? अजान झाली की!"

युस्नीने सर्रकन पडदा बाजूला ओढला. सूर्य समुद्रावर चांगला हातभर वर होता.

शेजारचे बाहारकाका कोलाहल ऐकून डोकावले. ते म्हातारे कोळी, जिभेला हाड नाही. म्हणाले, "वा रे दार्लिस! अंग पारियामानला आलं, पोट अजून जकार्तातच आहे वाटतं!" पण मग त्यांची नजर रेस्तीकडे गेली. ती वही छातीशी धरून उभी होती. तोंडात उरलेला खजूर तिने थुंकला होता आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"अगं, चुकून झालं. तू खूण कर," मामा काकुळतीला येऊन म्हणाला. "कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना," रेस्ती म्हणाली. मामा मान खाली घालून बसला.

युस्नीने सगळा राग माझ्यावर काढला. "हे मेलं डबडं! समुद्रात फेका त्याला!" समुद्रात फेकलं नाही, पण बिस्किटाच्या ज्या पत्र्याच्या डब्यात ती सुईदोरा ठेवते त्यात मला कोंबलं. बटणं आणि रिळांमध्ये मी पडून राहिलो. मला दुसरं काही नको होतं, फक्त त्या पोरीचा सत्ताविसावा चौकोन भरायला हवा होता. आणि तो रिकामा राहिला होता माझ्यामुळे.

डब्याचं झाकण बंद असलं तरी मला ऐकू येत होतं. ईदच्या आदल्या संध्याकाळी मशिदीत नावं पुकारली, त्यात रेस्तीचं नव्हतं. तिने आधीच इमामसाहेबांना जाऊन सगळं खरं सांगितलं होतं. युस्नी रात्रीच्या जेवणाला मामाला सांगत होती, "इमामसाहेब म्हणाले, बाळ, तू लहान आहेस, तुझ्यावर सक्ती नाही. पण तुझ्या मामाला एक रोजा भरून द्यावाच लागेल. तर ही बया काय म्हणते? म्हणे, मामाला एकट्याला भूक लागेल, मीपण धरते!"

मामा म्हणाला, "माझं परतीचं तिकीट पुढे ढकलतो."

ईदनंतरच्या पाचव्या दिवशी पहाटे डब्याचं झाकण उघडलं. रेस्ती होती. तिने मला चार्जरला लावलं, शंभर टक्के होईपर्यंत शेजारी बसून राहिली आणि मग वायर काढून घेतली.

"हे काय चाललंय?" मामाने जांभई देत विचारलं.

"चूक आपल्या तिघांची आहे. मी खाल्लं, तू भरवलं, याने चॅनल बदललं. मग यानेपण रोजा धरायचा. सूर्य मावळेपर्यंत चार्जर नाही."

मामा पोट धरून हसला. मला मात्र हसू आलं नाही. माझी बॅटरी म्हातारी झाली आहे, शंभर टक्के म्हणजे नुसतं नावाला, दुपारपर्यंत मी मान टाकतो. पण मला बोलावलं होतं, चुकीत धरलं होतं आणि भरपाईतही धरलं होतं. मी ठरवलं, आज काही झालं तरी विझायचं नाही.

काय दिवस होता तो! घरभर रेंदांगचा, नारळाच्या दुधात आटवलेल्या मसालेदार मांसाचा, घमघमाट. पाहुण्यांवर पाहुणे. प्रत्येक जण म्हणे, "अरे, खा की! ईद आहे!" आणि हे दोघं नाही नाही म्हणत माना हलवायचे. दुपारी मी चाळीस टक्क्यांवर आलो. त्यात युस्नीला तिची मालिका आठवली. आठवडाभर टीव्ही बंद, तिचा जीव कासावीस झालेला. ती हळूच येऊन म्हणाली, "रेस्ती, जरा पाचच मिनिटं देतेस?" पाच मिनिटांचा तास झाला. मी वीसवर आलो, मग बारावर, मग सहावर. मी लाल चिन्ह दाखवायला लागलो.

"अगं, मरेल ते. लाव ना जरा," युस्नी म्हणाली. आता तिलाच माझी कीव आली होती.

"अजून वेळ आहे. मलापण भूक लागलीय," रेस्ती म्हणाली आणि माझा पडदा विझवून तिने मला मांडीवर घेतलं.

त्या संध्याकाळी टीव्ही कोणी लावला नाही. खिडकीचा पडदा पूर्ण उघडला होता. मामा, भाची आणि मी दाराच्या पायरीवर समुद्राकडे तोंड करून बसलो. चार्जरची वायर रेस्तीने आतून दारापर्यंत ओढून आणली होती. सहा वाजून दोन मिनिटं झाली तेव्हा मामाने घड्याळ काढून खिशात टाकलं. सूर्य पाण्याला टेकला, अर्धा झाला, गेला. अजान ऐकू यावी म्हणून मशिदीच्या वाटेवर अर्ध्यात जाऊन उभे राहिलेले बाहारकाका तिथूनच ओरडले, "झाली रे! या वेळी खरीच झाली!"

मामाने खजूर पुढे केला. रेस्तीने त्याचा हात बाजूला केला, मला उचललं आणि आधी मला वायर लावली. मग तिने खजूर खाल्ला.

माझ्यात एक टक्का उरला होता.

तिने वहीतल्या सत्ताविसाव्या चौकोनात खूण केली नाही. तिथे तिने लिहिलं, "चुकून पंचवीस मिनिटं आधी सुटला. नंतर मामाने, मी आणि रिमोटने भरून दिला." शाळा उघडल्यावर बाईंनी त्याखाली सही केली.

मामा जकार्ताला परत गेला. जाताना त्याने युस्नीच्या नखांना लावायच्या लाल रंगाचा एक ठिपका माझ्या तडकलेल्या जागेवर दिला. तिथे बोट ठेवायचं नाही हे आता घरात सगळ्यांना कळतं. एवढंच करायला हवं होतं, मित्रांनो. तुमच्या घरीही असं एखादं जुनं, तडकलेलं काहीतरी असेल. ते चुकलं तर त्याला डब्यात कोंबू नका. त्याचं कुठे दुखतंय ते बघा, तिथे एक ठिपका द्या आणि मावळतीला आठवणीने त्याची वायर लावा.