भुरीच्या वाटणीचा गंज

मी एक जुना जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा गंज आहे. आमच्या गोंदियाकडे पातेल्याला गंज म्हणतात. माझं बूड वाकडं आहे, त्यामुळे मला एका जागी गप्प बसता येत नाही. वारा आला तरी खडखड, मांजर शेजारून गेली तरी खडखड. तेव्हा मित्रांनो, मी मध्येच घायकुतीला आलो, इकडचं तिकडे बोललो, तर सांभाळून घ्या. स्वभावच तसा झाला आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. आठवतं ते एवढंच, की बाजारातल्या एका दुकानात मी उलटा टांगलेला होतो आणि पुष्पाबाईंच्या वडिलांनी मला बोटाने टणटण वाजवून पाहिलं. लेकीच्या लग्नात द्यायला घेतलं. मग गोंदियाजवळच्या मुर्री गावातल्या या घरात मी वीस-पंचवीस वर्षं चुलीवर राबलो. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत शेतातल्या बायांसाठी पहाटे पेज शिजायची ती माझ्यातच. "या गंजातला भात कधी बुडाला लागत नाही," असं पुष्पाबाई शेजारणींना सांगायच्या आणि मला कोण आनंद व्हायचा!

पुढे घरात कुकर आला, स्टीलची भांडी आली. एकदा माकडं हाकलायला मला काठीने बडवलं, तेव्हा मी हातातून सुटून दगडावर आपटलो आणि बुडाला हा पोचा आला. झालं! चुलीवरून माझी रवानगी थेट सांदवाडीत, घरामागच्या मोकळ्या जागेत. आधी कोंबड्यांचं पाणी, मग सिमेंट कालवायचं पाणी, मग काहीच नाही. दोन पावसाळे मी पालथा पडून होतो. राग यायचा हो, पण सांगणार कोणाला?

आमची सून दुर्गेश्वरी जवळच्या गोरेगावच्या एका शाळेत शिकवते, रोज स्कूटीने जाते-येते. तिथे बसस्टँडजवळ, एका भज्यांच्या गाडीमागे दोन कुत्र्या राहायच्या. बहिणी असाव्यात. आज घरी नेऊ, उद्या नेऊ, असं करत दुर्गेश्वरीने पंधरा दिवस घालवले. सोळाव्या दिवशी तिथे एकच उरली होती. दुसरी ट्रकखाली गेली होती. त्या संध्याकाळी दुर्गेश्वरी उरलेलीला स्कूटीवर पायाशी बसवून घेऊन आली. रंग भुरका, म्हणून नाव भुरी. बरगड्या अशा दिसत होत्या की कोणीही मोजून घ्याव्यात.

"एकीले मी उशीर केला, माय," ती सासूला म्हणाली. "आता हिले नाई सोडत."

पुष्पाबाईंनी मला सांदवाडीतून उचललं, नळाखाली एकदाच फिरवलं आणि भुरीपुढे ठेवलं. इतक्या वर्षांनी माझ्यात पुन्हा भात पडला! आणि ती कशी खात होती म्हणून सांगू. चावणं नाहीच, नुसतं गिळणं. डोळे चहूकडे, घशात गुरगुर, आणि मला ढकलत ढकलत पार भिंतीपर्यंत नेलं. पुन्हा कधी मिळेल याची तिला खात्रीच नव्हती.

आता आमच्या गल्लीची एक रीत सांगतो, कारण घोटाळा तिथेच झाला. नवी सून असो, विकत आणलेली गाय असो की नवा भाडेकरू असो, घरात नवा जीव आला की प्रत्येक घरचा एक घास त्याच्या तोंडी लागलाच पाहिजे. तसं केलं नाही तर त्याला परकं वाटतं म्हणे. रीत प्रेमाची आहे, मी नावं ठेवत नाही. पण गल्लीत अकरा घरं आहेत!

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमेंद्र, दुर्गेश्वरीचा नवरा, राइस मिलच्या ड्यूटीवर निघाला आणि पडवीत नेमका नको तिथे पाय पडला. भुरीचं पोट बिघडलं होतं. एक-दोन ठिकाणी नव्हे, चार ठिकाणी.

"अवं, हे घर हाये का उकिरडा? काऊन आनली हिले?" तो ओरडला.

"नवीन हाये ते. थांबंल उद्या," दुर्गेश्वरी बादली घेऊन धावली.

"येत्या बाजारापर्यंत थांबलं तं ठीक. नाई तं जिथून आनली तिथंच नेऊन सोडतो. सांगून ठेवतो आत्ताच!"

गोरेगावच्या आठवडी बाजाराला सहा दिवस होते. भुरी खांबामागे शेपूट पोटात घालून बसली होती, आणि मी तिच्याशेजारी खडखडत होतो.

मित्रांनो, मी त्या घरातला एकटाच होतो ज्याला सगळं माहीत होतं. पुष्पाबाई सकाळी दूधभात घालायच्या, नव्या जिवाला दूधभातच द्यायचा म्हणून. त्या आंघोळीला गेल्या की शेजारचा टेकचंद ऑटोवाला चहात बुडवलेले टोस्ट टाकून जायचा. दुपारी कोणी लाखोरीची डाळ, लसणाच्या फोडणीची. कोणी गुळाची पोळी. दुर्गेश्वरी शाळेतून आली की अर्धा पुडा बिस्किटं. आणि पोट काही थांबेना म्हणून तिने माणसांची जुलाब थांबवायची गोळीसुद्धा कुटून माझ्यात कालवली. पण खरी कमाल हेमेंद्रची! दिवसभर कुरकुर करणारा हा गडी जेवून उठला की इकडेतिकडे बघायचा आणि ताटातली मटणाची हाडं रश्श्यासकट हळूच माझ्यात सोडायचा. वर "खा वं, कोनाले सांगू नको," असं तिच्या कानात म्हणायचा.

जुलाब वाढले, तसे घास वाढले. "किती सुकली बिचारी," म्हणत जो तो आणखी थोडं घालायचा. आपण तर जरासंच दिलं, असं प्रत्येकाला वाटायचं. मला मात्र बेरीज दिसत होती. मी थरथरलो, वाजलो, एकदा तर मुद्दाम कलंडून सगळी डाळ सांडून दिली. पुष्पाबाई म्हणाल्या, "या गंजाचं बूडच फुटक्या नशिबाचं," आणि त्यांनी पुन्हा वाढलं.

शिवाय माझीही एक चूक होती. रोज मला कोणी घासत नव्हतं. कालचं तसंच, त्यावर आजचं. माझ्या पोच्यात सगळं साचून आंबत होतं आणि भुरी ते शेवटपर्यंत चाटत होती. मला कळत होतं, पण मी करणार काय?

चौथ्या दिवशी तिने मला नुसतं हुंगलं आणि मान फिरवली. डोळे आत गेले होते. मागचे पाय लटपटत होते. उठताना ती एकदा पडलीसुद्धा. दुर्गेश्वरीने शाळेत फोन करून सुट्टी घेतली आणि भुरीचं डोकं मांडीवर घेऊन रडायलाच लागली.

"मी हिलेही मारून टाकलं, माय. तिथंच राहू देलं असतं तं जगली तरी असती."

पुष्पाबाईंनी टेकचंदला हाक मारली. ऑटो आला, पण भुरी आत चढेना. तिला गाडीची धास्ती होती, बहिणीला तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. शेवटी पुष्पाबाईंनी मलाच उचलून सीटवर ठेवलं. मी खडखडलो आणि भुरी त्या आवाजामागे हळूहळू चढली. मिलमधून हेमेंद्रही थेट जनावरांच्या दवाखान्यात आला.

तिथल्या दिव्या डॉक्टरांनी भुरीच्या पाठीची कातडी चिमटीत धरून पाहिली, हिरड्या पाहिल्या. "पानी बहुत कम झालंय हिच्या अंगातलं. काय खाते ही?"

"दोन टाइम दूधभात," दुर्गेश्वरी म्हणाली. "दुसरं काहीच नाही, मॅडम." आणि मित्रांनो, तिला खरंच तसं वाटत होतं; बिस्किटं आणि गोळी ती खाण्यात धरतच नव्हती.

डॉक्टरांची नजर माझ्यावर पडली. त्यांनी मला उचललं, वास घेतला आणि नाक मुरडलं. मग लाकडी पट्टीने माझा पोचा खरवडायला सुरुवात केली. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता भोक पडावं आणि मी भंगारात जावं. दोन पावसाळे मला कोणी पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं ते असं!

"ही दुधाची साय. ही डाळ, लसूण आहे त्यात. हा टोस्ट. बिस्किट." पट्टी थांबली. "आणि ही हड्डी? रस्सा पण आहे. मटण कोण देतं हिला?"

दुर्गेश्वरीने सासूकडे पाहिलं, सासूने टेकचंदकडे, टेकचंदने छताकडे.

"मीच टाकतो," हेमेंद्र म्हणाला. कान लालबुंद झाले होते त्याचे. "भुकेली दिसते म्हून..."

"आणि टोस्ट मी," टेकचंद पुटपुटला. गोळीचंही बाहेर आलं, आणि तेव्हा मात्र डॉक्टर खवळल्या. "माणसाची दवा हिला? विचारल्याशिवाय? अरे भई, ही इतके दिवस कचऱ्यावर जगली. पोटात जंत आहेत, आतडं कमजोर आहे. खाणं एकदम बदललं तर चांगल्या कुत्र्याचं पण पोट बिघडतं, आणि तुम्ही तर सगळी गल्ली तिच्या पोटात घातली!"

भुरीला सलाईन लागलं. तपासणीनंतर जंताचं औषध ठरलं. दूध बंद, हाडं बंद, तेल-तिखट-मीठ बंद. नरम शिजवलेला भात, त्यात उकडलेल्या कोंबडीचे चार तुकडे, तेही थोडं थोडं, दिवसातून चार वेळा. उकळून गार केलेलं पाणी. आणि दर वेळी भांडं घासून. "द्यायचं एकाच हाताने," डॉक्टरांनी बजावलं.

तो हात पुष्पाबाईंचा ठरला. त्यांना ते किती जड गेलं, ते मी पाहिलं आहे. जन्मात त्यांनी कोणाचा घास परत केला नव्हता. भुरीचं खाऊन झालं की त्या मला राखेने घासायच्या आणि पायरीवर पालथा ठेवायच्या. गंज पालथा म्हणजे तिचं झालं, हे गल्लीला दोन दिवसांत समजलं. तरी कोणी वाटी घेऊन आलंच, तर त्या म्हणायच्या, "घास नको, बाई. हात फिरव तिच्यावरून." मग बायका पदराला हात पुसून भुरीच्या डोक्यावरून हात फिरवायच्या. पहिल्यांदा ती दचकली. दुसऱ्या दिवशी शेपटीचं टोक हललं.

पोट हळूहळू आवळून येत होतं, पण पूर्ण नाही. आणि बाजाराचा दिवस उजाडला. हेमेंद्रने सकाळीच मोटरसायकल काढली, पायरीवरून मला उचललं आणि थैलीत कोंबलं. माझ्या तर काळजाचं पाणी पाणी झालं. माझ्यामागे ती कुठेही येईल, हे त्याला ठाऊक होतं ना! मी आतून जिवाच्या आकांताने वाजलो. "येऊ नको, भुरी, येऊ नको!" गाडी सुरू झाली. मागून तिच्या नखांचा आवाज आला, मग दुर्गेश्वरीची हाक, मग काहीच नाही. गोरेगावपर्यंत मी धुसफुसत राहिलो.

बाजारात भांडी ठोकून देणारा एक म्हातारा बसतो. हेमेंद्रने मला त्याच्यापुढे ठेवलं. "याचं बूड सपाट करून दे गा बाबा. पोच्यात घान बसते, डॉक्टरीनबाईंनं सांगतलं. आमच्या भुरीचा हाये."

आमच्या भुरीचा! हातोड्याचे घाव बसत होते आणि मित्रांनो, शप्पथ, मला एकही लागला नाही.

परतलो तर भुरी फाटकाशीच बसली होती. सकाळपासून तिथून हलली नव्हती म्हणे. दुर्गेश्वरीने थैलीत डोकावून मला पाहिलं आणि नवऱ्याकडे पाहून हसली. पुष्पाबाईंनी मला घासलं, भात वाढला आणि खाली ठेवलं. मी वाजलो नाही. आयुष्यात इतक्या वर्षांनी मी चारी बाजूंनी जमिनीला टेकलो होतो.

मित्रांनो, घरी नवा जीव आणाल तेव्हा त्याच्या पोटाला जरा वेळ द्या. लाड करायला हात आहेत की. जे द्याल ते घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या, आजारी पडला तर आपल्या मनाने दवा देऊ नका, आणि त्याचं भांडं रोज घासा. तेवढं बिचाऱ्या भांड्याला स्वतः करता येत नाही.

त्या संध्याकाळी भुरी हळूहळू खात होती. गुरगुरली नाही, मला भिंतीकडे ढकललं नाही. मग मध्येच थांबली, जिभेने ओठ पुसले आणि उन्हाच्या उरलेल्या पट्ट्यात जाऊन आडवी झाली. पुष्पाबाई घाबरून माझ्यावर वाकल्या. "अवं दुर्गेश्वरी, इकडं ये! हिनं भात ठेवला!"

माझ्या तळाशी चार शितं होती. दुर्गेश्वरी धावत आली. पुन्हा दुखतंय का, म्हणून तिने भुरीच्या पोटावर हात ठेवला, तर ते मऊ होतं आणि भुरी घोरत होती. चुलीवर असताना माझ्यात कोणी शीत ठेवलं तर मला अपमान वाटायचा. पण ती चार शितं भुरीने उद्यासाठी ठेवली होती. उद्या मिळेल, हे तिला कळलं होतं.