न निघणारी अंगठी

वर्कशॉपच्या बाईंना रागवायला एरवीही फारसं कारण लागत नसे, आणि त्या दिवशी तर कारणं रांग लावून उभी होती. सत्राचा पहिला दिवस. सकाळीच प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून त्यांना साखरेत घोळलेला उपदेश केला होता. "बाई, मुलं नवी आहेत. पहिल्याच दिवशी घाबरवू नका, जरा हसून स्वागत करा. नियम काय, हळूहळू कळतीलच."

"लेथ मशीन हळूहळू फिरत नाही, सर," असं म्हणून बाई दार आपटून निघाल्या. बिचाऱ्या दाराचा काही गुन्हा नव्हता, पण प्राचार्यांना आपटता येत नाही.

संताप उगाच नव्हता. गेल्या वर्षी याच वर्कशॉपमध्ये एका मुलाचं बोट गेलं होतं. लेथचा चक, म्हणजे लोखंड धरून गरगर फिरणारा जबडा, त्यात अंगठी अडकली आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत बोट मुळापासून गेलं. चौकशी समिती आली. "तुम्ही सूचना दिली होती का?" तिने विचारलं. "पहिल्याच दिवशी. शंभरदा बजावलं होतं," बाईंनी सांगितलं, आणि ते खरंच होतं. समितीने 'विद्यार्थ्याची चूक' असा शेरा मारला, चहा घेतला आणि गेली. यापुढे एकाही पोराच्या नखाला धक्का लागू द्यायचा नाही, हे बाईंनी त्याच दिवशी ठरवलं. पोरं पाठीमागे 'तिखट बाई' म्हणतात ना, खुशाल म्हणोत.

नवा वर्ग पिवळ्या रेघेमागे उभा होता. एक जण जांभई देत होता, एक भिंतीला टेकला होता, जणू लग्नाच्या जेवणाची वाट बघतोय. बाईंचं डोकं तिथेच तापलं.

"टेकायला ही काय बसस्टॉपची भिंत आहे? सरळ उभा राहा! ही रेघ दिसते का? मी सांगितल्याशिवाय जो ओलांडेल तो घरी जाईल. केस बांधलेले हवेत, बाह्या कोपरावर हव्यात, आणि हातात, गळ्यात, कानात काहीही नको. अंगठी नको, कडं नको, घड्याळ नको, कुणाच्या प्रेमाची खूण असेल तर तीही नको."

"बाई, वरून हातमोजे घातले तर?" पुढच्या एकाने शहाणपणा केला.

"मग बोटावर भागणार नाही, अख्खा हात जाईल. मोज्याचं टोक सापडलं की मशीन तुला कोपरापर्यंत ओढेल. इथे हात उघडे आणि तोंड बंद!"

त्यांनी स्टीलचा ट्रे पुढे केला. अंगठ्या, कडी, एक लॉकेट, रंगीत दोरे, सगळं खणखण करत त्यात पडू लागलं. ट्रे फिरत फिरत रांगेच्या टोकाला गेला आणि तिथेच अडला.

टोकाला एक मुलगी उभी होती. केस घट्ट बांधलेले, बाह्या दुमडलेल्या, पायात जाड बूट. सगळं नियमाला धरून, फक्त मनगटावर मोठ्या डायलचं घड्याळ. ट्रे रेघेलगतच्या टेबलावर ठेवून ती बाईंकडे बघत होती.

"ऐकू येत नाही का? घड्याळ काढ."

"आधी तुमची अंगठी काढा."

वर्गात कुणीतरी फिस्कन हसलं आणि बाईंची नजर वळताच गप्प झालं.

"माझी निघत नाही. सांधा सुजलाय," बाई कडाडल्या. "आणि तुझं वय नाही तेवढी माझी नोकरी झालीय. मला शिकवू नकोस. नियम म्हणजे नियम. काढणार नसशील तर बाहेर हो!"

"होते की. पण जो काढणार नाही तो बाहेर, असंच ना? मग चला, दोघी जाऊ."

बाईंचा हात टेबलावर इतक्या जोरात आदळला की ट्रेमधली कडी नाचली. "कोण गं तू? कुणी शिकवून पाठवलंय तुला?"

"माझ्या दादाचीही निघत नव्हती," मुलगी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तो तुमच्याकडे आला होता. निघत नाही म्हणाला होता. तुम्ही काय म्हणालात, ते सांगा ना सगळ्यांना."

बाईंना गेल्या वर्षीचा तो मुलगा समोर उभा दिसला. साबणाने लाल झालेलं बोट पुढे करून म्हणत होता, बाई, खूप ओढली, येतच नाही. बाईंनी तेव्हा स्वतःच्या हाताकडे बघितलं होतं आणि हसून म्हटलं होतं, "असू दे. माझीही कुठे निघते? जपून काम कर." या धंद्यातल्या जुन्या माणसांना ही खोडच असते. नियम नवख्यांसाठी, आपले हात मशीनच्या ओळखीचे, असं त्यांना मनापासून वाटतं. समितीने हे विचारलं नाही आणि बाईंनी सांगितलं नाही. शंभरदा बजावलं होतं, आणि शंभरही वेळा याच हाताचं अंगठीवालं बोट नाचवून.

अंगठी आईची होती. नोकरीच्या पहिल्या दिवशी तिने स्वतःच्या बोटातली काढून घातलेली. आई गेली, सांधा सुजला, आणि सोनाराकडे नेऊन कापायला बाईंचा जीव धजावला नाही. खरं एवढंच होतं. निघत नव्हती म्हणण्यापेक्षा काढायची नव्हती.

राग जागचा हलला नव्हता. फक्त तो आता कुणावर काढावा, हे कळत नव्हतं. मुलीवर काढणं सोपं होतं. बाई ताडकन वळल्या, कपाटातून पितळेच्या पातळ पत्र्याची पट्टी आणि करवतीचं बारीक पातं घेऊन आल्या, आणि हात टेबलावर ठेवला.

"इकडे ये. काप."

"मी?"

"तूच. तोंड चालतं तसा हातही चालू दे."

बाईंनी अंगठीखाली पट्टी सरकवली, म्हणजे पातं कातडीला लागणार नाही. मुलीने पातं टेकवलं.

"हात थरथरतोय. हत्यार धरताना राग बाहेर ठेवायचा."

"तुम्हाला जमतं का ते?"

"नाही," बाई म्हणाल्या. "तू शीक."

मुलीने दात आवळले आणि पातं फिरवू लागली. सगळा वर्ग रेघ न ओलांडता माना लांब करून बघत होता. पितळेवर सोन्याचा बारीक भुगा पडत गेला. अंगठी तुटली, बाईंनी पकडीने ती फाकवली आणि ट्रेमध्ये टाकली. बोटावर एक पांढरा, खोल वळ राहिला. आईची आठवण येऊन डोळे भरले, पण बाईंनी ते पुसले नाहीत.

"दादाला सांग—" त्यांनी सुरुवात केली.

मुलीने घड्याळाचा पट्टा सोडला. घड्याळ मनगटाला फारच मोठं होतं, दादाच्या मापाचं; ते तिचं नव्हतंच. तिने ते अंगठीशेजारी ठेवलं.

"पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत, बाई," ती म्हणाली आणि रेघेमागे जाऊन उभी राहिली.