गावाची मागणी शून्य

“साहेब, आमी पुढच्या वर्षी कशानं आजारी पडणार, हे तुमच्या कॉम्प्युटरला आधीच कसं कळतं? आन् गणिताच्या तासाला दुखणारं डोकं त्यात धरलंय का?”

आठवीचा अख्खा वर्ग हसला. विचारून दाखवच, अशी पैज अल्फियानं लावली होती आणि सोनमनं ती उभ्या उभ्या जिंकली. आरोग्य खात्याचे कदम साहेबही हसले. औषधांचा अंदाज बांधणारा प्रोग्राम दाखवायलाच ते आले होते. त्यांनी पडद्यावर गावाचं नाव उघडलं.

“डोकं धरलंय. गावानं मागच्या साली इथल्या दवाखान्यातून काय काय घेतलं, त्यावरून पुढच्या सालचा अंदाज निघतो. गावाचा जिल्ह्याला, जिल्ह्याचा वर, असं करत देशाचा. जे कुणी घेतलंच नाही, ते येत नाही. ह्या बघा फिटच्या गोळ्या. तुमच्या गावाची मागणी शून्य.”

“म्हंजे गाव ठणठणीत,” मागून कुणीतरी म्हणालं.

खिचडी शिजवणाऱ्या फुलाबाई दारातच थबकल्या.

“शून्य कशी वो? माझ्या छकुलीला येती की फिट. दिवसाचा रोज बुडवून इंदापूरला जाती मी गोळ्यांसाठी.”

साहेबांचा आवाज खाली आला.

“मावशी, एकीसाठी साठा मंजूर होत नाही. आणखी एखाद्या पेशंटचं नाव लागलं, तर मला मागणी टाकता येईल. आहे का कुणी गावात?”

फुलाबाईंनी वर्गावरून नजर फिरवली. सोनम खाली वाकली आणि बुटाची नाडी बांधू लागली. नाडी सुटलेली नव्हतीच.

“काय गं वाघिणी, आता का गप?” अल्फियानं तिला ढोसलं.

अल्फियाला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. पाचवीत सोनमला पहिली फिट आली, तेव्हापासून वडील बारामतीहून गोळ्या आणत आणि आई त्या शक्तीच्या गोळ्यांच्या बाटलीत भरून ठेवी. दोन वर्षांत एकदाही फिट आली नव्हती. भाषणं, कबड्डी, ही नवी धिटाई, सगळं त्या बाटलीवर तर उभं होतं.

“न्हाय वाटतं कुणी,” म्हणत फुलाबाई चुलीकडं वळल्या. दुपारी वाढताना त्यांनी सोनमच्या ताटात नेहमीसारखाच एक डाव जास्त टाकला.

“खा गं माय. लई बोलतीस, भूक लागत आसंल.”

सोनमनं तो जास्तीचा डाव अल्फियाच्या ताटात सरकवला.

संध्याकाळी वडील भवानीनगरच्या कारखान्यातून पाळी संपवून आले. आईनं दार लोटलं आणि बाटली पुढं केली. सोनमनं गोळी तळहातावर घेतली, पण तोंडात टाकली नाही. शाळेतलं सगळं तिनं सांगितलं. नाडीचंसुद्धा.

“हळू बोल,” आई म्हणाली. “भिंतीपल्याड माणसं हायेत.”

“बरं केलंस गप बसलीस,” वडील म्हणाले. “एकदा नाव लागलं की सोयरा उंबरा चढत न्हाय.”

“बरं न्हाय केलं, पप्पा.”

तिचा आवाज वर्गातल्यासारखा खणखणीत नव्हता. कान तापले होते. तिनं गोळी गिळली, वर तांब्याभर पाणी प्यायलं आणि तांब्या खाली ठेवला.

“उद्या शाळेच्या आधी मी फुलाबाईंच्या घरी जाणार हाय. तितनं दोघी दवाखान्यात. माझं नाव लावायला.”